किती प्रती हव्यात ते सांगा: कंटेनर ऑर्केस्ट्रेशनची पहिली ओळख

कंटेनर ऑर्केस्ट्रेशन शिकायला बसलेल्या नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस अनोळखी शब्द भेटतात. पॉड, नोड, डिप्लॉयमेंट, सर्व्हिस, इनग्रेस, रेप्लिकासेट अशी ही यादी वाढत जाते आणि प्रत्येक शब्दाची व्याख्या पाठ केली, तरी त्यांचे परस्परांशी नाते काय हे उमगत नाही. या विषयात शब्दांच्या वाटेने शिरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळ्या यंत्रणेच्या मुळाशी एकच कल्पना आहे. ती पक्की झाली की शब्द आपापल्या जागी बसतात आणि ती निसटली, तर पाठ केलेल्या आज्ञा पहिल्याच बिघाडात निरुपयोगी ठरतात.

सुरुवात मात्र कंटेनरपासूनच करावी लागते, कारण त्याविषयीचा एक गैरसमज पुढे फार अडचणीत आणतो. कंटेनर म्हणजे लहान आकाराचे आभासी मशीन, असे अनेकांना वाटते. आभासी मशीनमध्ये स्वतःच्या कर्नलसह, म्हणजे गाभ्यासह, एक संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम चालते. कंटेनर ही त्या मानाने फार साधी गोष्ट आहे: मूळ मशीनच्याच लिनक्स कर्नलवर चालणारी, पण इतरांपासून वेगळी काढलेली एक प्रक्रिया. कर्नलमधील नेमस्पेस ही सोय त्या प्रक्रियेला काय दिसावे हे ठरवते. तिला स्वतःच्या फाइली, स्वतःचे नेटवर्क आणि स्वतःच्याच प्रक्रिया दिसतात, शेजारच्या दिसत नाहीत. सीग्रुप ही दुसरी सोय तिने मेमरी आणि सीपीयू किती वापरावा याची मर्यादा घालते. ही सोय लिनक्स कर्नलमध्ये २००८ साली आली. म्हणजे २०१३ मध्ये डॉकर हे कंटेनर बांधण्या-चालवण्याचे साधन लोकांसमोर आले, तेव्हा मूळ तंत्र नवे नव्हते. डॉकरचे मोठे काम हे की, प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइली एका इमेजमध्ये बांधून ती कुठेही नेऊन तशीच चालवणे त्याने सामान्य प्रोग्रॅमरच्या आवाक्यात आणले. (कुबरनेटीस या पुढे येणाऱ्या ऑर्केस्ट्रेशन यंत्रणेतही नेमस्पेस नावाची एक गोष्ट आहे, पण ती एकाच क्लस्टरमधील, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनच्या गटातील, वस्तूंची विभागणी करण्यासाठी असते. कर्नलच्या नेमस्पेसशी तिचा संबंध नाही.)

एका मशीनवर दोन-चार कंटेनर चालवायचे असतील, तर ऑर्केस्ट्रेशनची गरजच नाही. डॉकरला ‘बंद पडला तर पुन्हा सुरू कर’ असे सांगून ठेवता येते आणि तेवढे पुरते. प्रश्न उभे राहतात ते मशीनच बंद पडू शकते हे लक्षात आल्यावर. म्हणून आपण तीन मशीन घेतो आणि त्याच क्षणी अनेक निर्णय आपल्या गळ्यात पडतात. कोणता कंटेनर कोणत्या मशीनवर चालवायचा? एखादे मशीन बंद पडले हे कोणाच्या लक्षात येणार आणि त्यावरचे कंटेनर दुसरीकडे कोण सुरू करणार? कंटेनरची जागा बदलली की त्याचा नेटवर्कवरील पत्ताही बदलतो, मग त्याच्याशी बोलणाऱ्या इतर प्रोग्रॅमना नवा पत्ता कसा कळणार? नवी आवृत्ती बसवताना सेवा बंद न ठेवता जुनी कशी काढायची? या प्रश्नांची उत्तरे माणसाऐवजी एखाद्या यंत्रणेने सतत देत राहणे, याला कंटेनर ऑर्केस्ट्रेशन म्हणतात.

ही कामे एखादी स्क्रिप्ट लिहून करता येणार नाहीत का, असा विचार प्रत्येकाच्या मनात येतो आणि तो योग्यच आहे. स्क्रिप्टची उणीव अशी की, ती पायऱ्या ओळखते, परिस्थिती ओळखत नाही. ‘या मशीनवर कंटेनर सुरू कर, मग त्या मशीनवर कर’ या आज्ञा पाळून ती संपते आणि त्यानंतर रात्री अडीच वाजता काय घडले, याच्याशी तिला देणेघेणे नसते. मध्येच कुठे चूक झाली, तर अर्धवट अवस्थेतून पुढे कसे जायचे हेही तिला माहीत नसते, आणि ती दुसऱ्यांदा चालवावी तर एका जागी दोन प्रती सुरू होण्याचा धोका असतो.

ऑर्केस्ट्रेशनची मूळ कल्पना इथे येते. पाण्याच्या टाकीत पाण्यावर तरंगणारा एक गोळा असतो आणि तो नळाच्या झडपेला जोडलेला असतो. पाणी कोणी वापरले, का वापरले, टाकी गळते आहे की काय, यातले काहीच त्या गोळ्याला ठाऊक नसते. पातळी खाली गेली की झडप उघडते, ठरलेल्या रेषेवर आली की बंद होते. आपण फक्त ती रेषा ठरवतो. ऑर्केस्ट्रेशनमध्येही ‘या प्रोग्रॅमच्या तीन प्रती चालू असाव्यात’ एवढी रेषा आपण आखून द्यायची असते. यंत्रणा प्रत्यक्ष स्थिती पाहते, अपेक्षित स्थितीशी ताडते, फरक दिसला तर तो कमी करणारे एखादे पाऊल उचलते आणि पुन्हा पाहते. हे चक्र थांबत नाही. प्रत का मेली हे तिला कळण्याची गरज नसल्यामुळे, ज्या बिघाडांचा आपण विचारही केला नव्हता, त्यांतल्या पुष्कळशा बिघाडांतूनही ती सावरते.

हे काम करणाऱ्या यंत्रणा एकाहून अधिक आहेत. डॉकर स्वॉर्म शिकायला सोपी आहे. नोमॅड ही कंटेनरखेरीज इतर प्रकारचे प्रोग्रॅमही चालवते. सर्वाधिक वापर मात्र कुबरनेटीसचा होतो. गुगलने आपल्या डेटा सेंटरमध्ये बोर्ग नावाची अंतर्गत यंत्रणा अनेक वर्षे चालवली होती. त्या अनुभवातून २०१४ मध्ये कुबरनेटीस हा मुक्त स्रोत प्रकल्प जाहीर झाला, जुलै २०१५ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली आणि त्याच सुमारास त्याचा कारभार लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे सोपवण्यात आला. नाव ग्रीक भाषेतले असून त्याचा अर्थ जहाजाचे सुकाणू धरणारा कर्णधार असा आहे. पुढची उदाहरणे कुबरनेटीसचीच घेऊ.

आपल्याकडे एक छोटा वेब प्रोग्रॅम आहे आणि त्याच्या तीन प्रती हव्या आहेत, असे समजा. आपण यॅमल स्वरूपातील एक मजकूर-फाइल लिहितो. तिच्यात इमेजचे नाव असते, प्रतींची संख्या असते आणि प्रत्येक प्रतीला लावायचे एक लेबल असते. या नोंदीचा प्रकार म्हणजे डिप्लॉयमेंट. क्यूबसीटीएल या साधनाने ती फाइल एपीआय सर्व्हरकडे, म्हणजे क्लस्टरच्या सगळ्या नोंदी ज्याच्यामार्फत वाचल्या-लिहिल्या जातात त्या घटकाकडे, पाठवली जाते. तो पाठवणाऱ्याची ओळख आणि अधिकार तपासतो, नोंद नियमांत बसते का ते पाहतो आणि ती एटसीडी नावाच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवतो. ‘डिप्लॉयमेंट तयार झाले’ असे उत्तर आपल्याला मिळते तेव्हा प्रत्यक्षात एकही कंटेनर सुरू झालेला नसतो. फक्त आपली इच्छा कागदावर आलेली असते. नवशिक्याने इथे क्षणभर थांबून हे मनात ठसवावे, कारण उत्तर मिळाले म्हणजे काम झाले, या समजुतीतून पुष्कळ गोंधळ जन्माला येतो.

आता एकामागून एक कंट्रोलर, म्हणजे अपेक्षित आणि प्रत्यक्ष स्थिती ताडत राहणारे प्रोग्रॅम, जागे होतात. डिप्लॉयमेंट पाहणाऱ्या कंट्रोलरला दिसते की, या नोंदीसाठी रेप्लिकासेट (ठरलेल्या संख्येइतक्या प्रती मागणारी नोंद) हवा होता आणि तो नाही, म्हणून तो रेप्लिकासेटची नोंद तयार करतो. रेप्लिकासेट पाहणाऱ्या कंट्रोलरला दिसते की, तीन पॉड हवे होते आणि एकही नाही, म्हणून तो पॉडच्या तीन नोंदी करतो. पॉड म्हणजे एक किंवा अधिक कंटेनरांचा असा गट, ज्याला नेटवर्कवर एकच सामाईक पत्ता असतो. बहुतेक वेळा त्यात एकच कंटेनर असतो. या तीन नोंदींत मशीनचे नाव अजून रिकामे असते. शेड्युलर हा घटक अशाच बेघर पॉडच्या शोधात असतो. त्यांच्यासाठी योग्य नसलेली मशीन तो आधी गाळतो, उरलेल्यांना गुण देतो आणि सर्वाधिक गुणांच्या मशीनचे नाव पॉडच्या नोंदीत लिहितो. ज्या मशीनवर कंटेनर चालतात, तिला नोड म्हणतात आणि प्रत्येक नोडवर क्यूबलेट नावाचा एक प्रतिनिधी असतो. त्याला आपल्या नोडच्या नावाचा नवा पॉड दिसतो, तो कंटेनरडीसारख्या रनटाइमला (कंटेनर प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) इमेज आणून कंटेनर सुरू करायला सांगतो आणि काय झाले ते एपीआय सर्व्हरला कळवतो.

या साखळीतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट ही की, तिच्यात कोणीही कोणाला हुकूम देत नाही. शेड्युलर क्यूबलेटशी थेट बोलत नाही, डिप्लॉयमेंटचा कंट्रोलर शेड्युलरला ओळखत नाही. प्रत्येक जण एपीआय सर्व्हरकडील नोंदींवर लक्ष ठेवतो, आपल्या वाट्याचा फरक दिसला की तो मिटवतो आणि निकाल तिथेच लिहितो. त्यामुळे एखादा घटक थोडा वेळ बंद पडला, तरी पुन्हा सुरू झाल्यावर तो नोंदी वाचून राहिलेले काम हाती घेऊ शकतो. साहजिकच ज्या एटसीडीमध्ये या नोंदी असतात, ती फार जपावी लागते. महत्त्वाच्या क्लस्टरमध्ये तिच्या तीन किंवा पाच प्रती ठेवतात, कारण कोणताही बदल मान्य होण्यासाठी प्रतींच्या बहुमताची संमती लागते. तीनपैकी एक किंवा पाचपैकी दोन गमावल्या, तरी बहुमत टिकते. चार ठेवून तीनपेक्षा अधिक काही साधत नाही, कारण तिथेही दोन गेल्या की बहुमत संपते.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून तीन बिघाड पाहू. पहिला सर्वांत साधा, म्हणजे कंटेनरमधील प्रोग्रॅम कोसळणे. अशा वेळी पॉड तोच राहतो आणि त्या नोडवरील क्यूबलेट त्यातला कंटेनर पुन्हा सुरू करतो. तो वारंवार कोसळू लागला, तर क्यूबलेट दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबतो. हे थांबणे १० सेकंद, २० सेकंद, ४० सेकंद असे दुपटीने वाढत साधारणपणे ५ मिनिटांपर्यंत जाते. ‘क्रॅशलूपबॅकऑफ’ ही भीतीदायक दिसणारी पाटी या थांबण्याचीच सूचना आहे. तो स्वतः आजार नाही, आजाराचे लक्षण आहे. खरे कारण प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याने चालताना लिहिलेल्या मजकुरात, शोधावे लागते.

दुसरा प्रसंग पॉडच नाहीसा होण्याचा. कोणी हाताने पॉड काढून टाकला, तर तीनऐवजी दोनच उरलेले रेप्लिकासेटच्या कंट्रोलरला दिसतात आणि तो नवा पॉड तयार करतो. त्याचे नाव नवे असते, पत्ता नवा असतो, कदाचित नोडही वेगळा असतो. प्रोग्रॅम बंद करायचा म्हणून पॉड पुसत बसलेल्या आणि ते पुन्हा पुन्हा उगवताना पाहून गोंधळलेल्या नवशिक्याने टाकीतला गोळा आठवावा. पाणी उपसून टाकी रिकामी राहणार नाही, रेषाच हलवावी लागेल. म्हणजे डिप्लॉयमेंटची नोंद काढावी किंवा प्रतींची संख्या शून्य करावी.

तिसरा प्रसंग संपूर्ण नोड बंद पडण्याचा, आणि इथे धीर धरावा लागतो. क्यूबलेट दर १० सेकंदांनी आपण जिवंत असल्याची नोंद करतो. ती येईनाशी झाली की यंत्रणा लगेच निष्कर्ष काढत नाही. आवृत्तीनुसार ४० किंवा ५० सेकंद वाट पाहून ती नोडला ‘तयार नाही’ असे ठरवते आणि त्यानंतरही नेहमीच्या मांडणीत आणखी ५ मिनिटे थांबून मगच त्यावरचे पॉड बाद करून त्यांच्या जागी दुसरीकडे नवे उभे करते. हा आळस नाही. दूरच्या मशीनकडून उत्तर येत नाही, तेव्हा ते मशीन मेले आहे की केवळ मधले नेटवर्क तुटले आहे, हे बाहेरून सांगता येत नाही, आणि घाई केली तर क्षुल्लक अडथळ्यापायी शेकडो पॉड उगाच हलवले जातील. नोड परत आल्यावर नवे पॉड आपोआप त्याच्याकडे परततील, अशी अपेक्षाही ठेवू नये. शेड्युलर एकदा जागा दिलेला पॉड केवळ समतोल साधण्यासाठी उठवत नाही.

पॉडचे पत्ते असे बदलत राहतात, म्हणून त्यांच्यासमोर सर्व्हिस नावाची नोंद ठेवतात. सर्व्हिसला टिकाऊ नाव आणि टिकाऊ पत्ता असतो, आणि अमुक लेबल असलेल्या पॉडकडे विनंत्या पाठवाव्यात असे तिच्यात लिहिलेले असते. ती पॉडना नावाने ओळखत नाही, लेबलाने ओळखते. त्यामुळे लेबलाच्या एका अक्षरात चूक झाली, तरी पॉड व्यवस्थित चालू दिसतात, सर्व्हिसही अस्तित्वात दिसते, कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही आणि तरीही विनंती पोहोचत नाही. अशा वेळी सर्व्हिसच्या एंडपॉइंटची, म्हणजे ती ज्यांच्याकडे विनंत्या पाठवते त्या पॉडच्या पत्त्यांची, यादी पाहावी. ती रिकामी असेल, तर दोष बहुधा लेबलात असतो, किंवा पॉड अजून ‘तयार’ झालेले नसतात.

या ‘तयार’ शब्दाकडे नवशिक्यांचे फार दुर्लक्ष होते. आपण काही सांगितले नाही, तर कंटेनर सुरू झाला म्हणजे तो तयार झाला, असे कुबरनेटीस धरून चालते. प्रत्यक्षात प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणी करायला किंवा माहिती वाचून घ्यायला वीस-तीस सेकंद लागत असतील, तर तेवढ्या वेळात आलेल्या विनंत्या फसतात. म्हणून रेडिनेस प्रोब द्यावा. तो प्रोग्रॅमला ठरावीक अंतराने ‘विनंत्या घेऊ शकतोस का’ असे विचारतो आणि होकार येईपर्यंत सर्व्हिस त्या पॉडकडे कोणाला पाठवत नाही. लाइव्हनेस प्रोब वेगळा आहे. तो सलग फसला, तर कंटेनर मारून पुन्हा सुरू केला जातो. या दुसऱ्या प्रोबमध्ये डेटाबेसची तपासणी घालणे ही मोठी चूक आहे, कारण डेटाबेस मंदावताच तीनही निरोगी प्रती एकाच वेळी मारल्या जातात आणि लहान अडचणीपायी सेवा पूर्ण बंद पडते.

नवी आवृत्ती बसवण्याचे काम याच तयारीवर उभे आहे. फाइलीत इमेजची आवृत्ती बदलली की डिप्लॉयमेंट एक नवा रेप्लिकासेट करते आणि पॉड हळूहळू जुन्याकडून नव्याकडे नेते. नेहमीच्या मांडणीत या काळात २५ टक्के प्रती कमी किंवा २५ टक्के जास्त चालतात. तीन प्रतींचे पंचवीस टक्के म्हणजे पाऊण. कमी होण्याच्या बाजूने तो आकडा खाली शून्यावर उतरवला जातो आणि जास्तीच्या बाजूने वर एकावर नेला जातो. म्हणून आपल्या उदाहरणात आधी एक चौथा, नवा पॉड उभा राहतो, तो तयार झाल्यावर एक जुना जातो आणि असे तीनदा घडते. नवी आवृत्ती कधीच तयार झाली नाही, तर बदल तिथेच अडतो आणि जुन्या तीन प्रती काम करत राहतात. रेडिनेस प्रोब नसेल, तर हे संरक्षणही नाही. निरोप दिलेल्या जुन्या पॉडला हातातले काम उरकायला साधारण ३० सेकंद मिळतात, त्यानंतर तो सक्तीने बंद केला जातो. त्यामुळे थांबण्याचा संकेत ऐकून नीट आवरते घेणे, ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचीच जबाबदारी आहे.

मेमरी आणि सीपीयूबाबत दोन आकडे द्यायचे असतात. रिक्वेस्ट म्हणजे मागणी आणि लिमिट म्हणजे कमाल मर्यादा. पॉड कुठे ठेवायचा हे ठरवताना शेड्युलर रिक्वेस्टची बेरीज पाहतो, प्रत्यक्ष वापर पाहत नाही. म्हणून निम्म्याहून अधिक मोकळ्या दिसणाऱ्या नोडवरही ‘जागा नाही’ म्हणून पॉड प्रलंबित राहू शकतो. लिमिट ओलांडल्याचा परिणाम दोन्हींत वेगळा होतो. सीपीयूची मर्यादा गाठली, तर प्रोग्रॅमचा वेग कमी केला जातो. मेमरीची मर्यादा ओलांडली, तर कर्नल त्याला मारून टाकते आणि नोंदीत ‘ओओएमकिल्ड’ हा शेरा व १३७ हा निर्गमन क्रमांक दिसतो. १२८ मध्ये सक्तीने मारण्याच्या संकेताचा ९ हा क्रमांक मिळवून तो येतो.

डेटाबेससारखे, माहिती सांभाळणारे प्रोग्रॅम पहिल्या काही आठवड्यांत क्लस्टरमध्ये आणू नयेत. त्यांच्यासाठी स्टेटफुलसेट आणि पर्सिस्टंट व्हॉल्यूम या सोयी आहेत, पण तिथे एका प्रतीच्या जागी दुसरी चालत नाही आणि चुकीची किंमत माहिती गमावण्यात मोजावी लागते. पासवर्ड ठेवण्यासाठी असलेल्या सीक्रेट या नोंदीविषयीही सावध राहावे. तिच्यातला मजकूर केवळ बेस६४ या पद्धतीने लिहिलेला असतो. ती कुलूपबंद केलेली माहिती नसते, नोंद वाचण्याचा अधिकार असलेला कोणीही ती क्षणात उलगडू शकतो.

सरावासाठी मोठ्या क्लस्टरची आवश्यकता नाही. मिनीक्यूब किंवा काइंड ही साधने एकाच संगणकावर लहान क्लस्टर उभा करतात, आणि काइंडमध्ये प्रत्येक नोड हा स्वतः एक कंटेनर असल्यामुळे नोड बंद पाडून पाहणेही सोपे जाते. तीन प्रतींचे डिप्लॉयमेंट चालवावे आणि मग ते मुद्दाम बिघडवावे. एक पॉड पुसावा, इमेजचे नाव चुकीचे द्यावे, लेबल बदलावे, मेमरीची मर्यादा अगदी कमी ठेवावी. प्रत्येक वेळी आधी क्यूबसीटीएलच्या ‘गेट’ या आज्ञेने स्थिती पाहावी, मग ‘डिस्क्राइब’ने तपशील काढून त्याच्या तळाशी असलेल्या घटनांच्या नोंदी वाचाव्यात, आणि कंटेनर सुरू होऊन मेला असेल तर ‘लॉग्ज’ पाहावेत. पुन्हा सुरू झालेल्या कंटेनरचे आधीचे लॉग हवे असतील, तर तिथे ‘प्रिव्हियस’ हा पर्याय द्यावा लागतो. तो माहीत नसल्याने अनेकजण नव्या कंटेनरच्या रिकाम्या लॉगकडे बघत बसतात.

शेवटी एक प्रयोग अवश्य करावा. फाइलीत तीन प्रती लिहिलेल्या असताना ‘स्केल’ या आज्ञेने संख्या थेट पाच करावी. दोन नवे पॉड लगेच उभे राहतील. मग फाइलीत काहीही न बदलता तीच फाइल पुन्हा ‘अप्लाय’ करावी. दोन पॉड काढून टाकले जातील आणि प्रती पुन्हा तीन होतील, कारण फाइलीत अजूनही तीनच लिहिलेले आहे. पाच हव्या असतील, तर आकडा फाइलीतच बदलायला हवा.